पापणीवर पुन्हा पुन्हा येणारी गाठ

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. तिच्या वरच्या पापणीवर वर्षभरात दोनदा गाठ आली. दोन्ही वेळा रांजणवाडी समजून ती काढली, परंतु तपासणीस पाठवली नाही. आता तिसऱ्यांदा गाठ आली असून तेथील केसही गळले आहेत. डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात, पण हत्यार लागले की कॅन्सर पसरतो, अशी घरच्यांना भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : बायोप्सी याच आठवड्यात करून घ्यावी. तिच्यामुळे कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. नुकसान होते ते निदान लांबल्याने.

साधी गाठ एकाच जागी वारंवार येणे आणि तेथील केस गळणे, या दोन खुणा एकत्र दिसल्या की पापणीतील तैलग्रंथींच्या कर्करोगाची शंका घ्यावीच लागते. या ग्रंथी वरच्या पापणीत अधिक असल्याने तो तेथे जास्त आढळतो आणि रांजणवाडीचे किंवा पापणीच्या जुनाट सुजेचे सोंग घेऊन महिनोन्‌महिने फसवतो. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या सर्वात खालच्या थरातील पेशींचा कर्करोगच बहुसंख्य असतो. आपल्याकडे मात्र तैलग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच अधिक आहे, त्यामुळे परदेशी पुस्तकांतील 'दुर्मीळ' या शब्दावर येथे विसंबून राहता येत नाही. पहिल्याच वेळी काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जायला हवा होता, हे मला स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

बायोप्सीत पापणीच्या पूर्ण जाडीचा तुकडा घेणे उत्तम, आणि कोणता संशय आहे हे पॅथॉलॉजिस्टला आधीच लेखी कळवावे. हा रोग पापणीच्या आतील पातळ आवरणातून गाठीपासून दूरवर विखुरतो; म्हणून निदान पक्के झाल्यास वरून निरोगी दिसणाऱ्या भागांचेही छोटे नमुने घेतात. कानापुढच्या व मानेच्या लसिकाग्रंथीही तपासतात.

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाल्यावरच नेत्र-प्लास्टिक सर्जन पापणी पुन्हा घडवतात. मोठा भाग काढावा लागल्यास खालच्या पापणीची त्वचा वर आणून शिवतात आणि डोळा काही आठवडे झाकलेला राहतो, याची आईंना आधीच कल्पना द्यावी. आवरणात उरलेल्या पेशींसाठी मायटोमायसिन या कर्करोगविरोधी औषधाचे थेंब किंवा शीतोपचार (पेशी गोठवून नष्ट करणे) वापरतात. रोग डोळ्याच्या खोबणीत शिरला असेल तर मात्र डोळाच काढावा लागू शकतो.

कुटुंबात कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण क्वचित या रोगाचे मूळ आनुवंशिक असते.