सर्टिफिकेशन्ससाठी ठेव मोडू का?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे, नेटवर्क इंजिनियर. नोकरीला नऊ वर्षं पूर्ण झाली. पदवी मात्र वाणिज्य शाखेची. सहा वर्षांपूर्वी केलेल्या सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनची, मुदत कधीच संपली. घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी अर्ज करायचा आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ मिळाले आहेत. कन्सल्टंट म्हणतो, डिग्री आयटीची नाही, तर चार सर्टिफिकेशन्स करून घ्या. प्रोफाइल स्ट्राँग होईल आणि पॉइंट्स वाढतील. क्लास, परीक्षा आणि फाइल मिळून त्याचं पॅकेज माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढं होतं. निम्मे पैसे मुदत ठेव मोडून आणि निम्मे पर्सनल लोन काढून उभे करता येतील. मग हाताशी दोन महिन्यांचा घरखर्च उरेल. पंधरा दिवसांत ॲडव्हान्स द्यायचा आहे. देऊ का?

उत्तर: देऊ नका. ठेव मोडू नका आणि कर्ज तर अजिबात काढू नका. तुम्हाला जायचं आहे आणि जाण्यासारखी स्थितीही आहे, म्हणूनच सांगतो. हे पैसे पुढे लागणार आहेत, आणि जिथे लागणार आहेत तिथे ते एकरकमीच लागतात.

आधी पॉइंट्स बघू. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सच्या तक्त्यात ‘प्रोफाइल’ नावाचा रकाना नाही. वय, इंग्रजी, अनुभव, शिक्षण आणि जोडीदार हे मुख्य रकाने, शिवाय काही किरकोळ. शिक्षणाच्या रकान्यात बॅचलर पदवीला १५ आणि डिप्लोमाला १० पॉइंट्स आहेत. त्यातली सर्वांत वरची एकच पात्रता धरली जाते, त्यांची बेरीज होत नाही. आणि हे १५ मिळायला पदवी आयटीचीच असावी लागत नाही. तुमची पदवी ऑस्ट्रेलियन बॅचलरच्या तोडीची ठरली, तर वाणिज्य शाखेलाही १५ मिळतात. त्यासाठी व्हेटअसेस या संस्थेकडून वेगळा अभिप्राय घेता येतो. तो अनुकूल आला तर सर्टिफिकेशन एक असो की चार, शिक्षणाच्या रकान्यात एकही पॉइंट वाढणार नाही.

मग सर्टिफिकेशनचा संबंध येतो कुठे? एसीएसच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीच्या, कौशल्य तपासणीत. आयटी व्यवसायासाठी अर्ज करणाऱ्यांना ही तपासणी आधी करून घ्यावी लागते. तुमच्यासारख्या आयटीबाहेरच्या पदवीधराला तिथे आरपीएलचा, म्हणजे आधी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता घेण्याचा, मार्ग आहे. कामातून मिळवलेलं ज्ञान लिहून दाखवायचं आणि निवडलेल्या व्यवसायाशी जुळणारा सहा वर्षांचा अनुभव सिद्ध करायचा. ही सहा वर्षं पात्रतेत खर्ची पडतात, त्यांचे पॉइंट्स मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या नऊपैकी तीन उरतात. परदेशातल्या अनुभवाला ३ वर्षांपासून ५ पॉइंट्स, ५ वर्षांपासून १० आणि ८ वर्षांपासून १५. तुमच्या पदरात ५ पडतात. नऊ वर्षं राबून पाचच पॉइंट्स, हे वाचून वाईट वाटेल. पण हे आज कळलं तर पुढचं नियोजन खऱ्या आकड्यांवर होईल.

आता अगदी तुमच्या बाजूने हिशेब करू. काही वरच्या पातळीची व्हेंडर, म्हणजे सिस्को-मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांची, सर्टिफिकेशन्स एसीएस डिप्लोमाच्या पायरीवर धरते आणि तिथे गेल्या दहा वर्षांतला पाच वर्षांचा अनुभव पुरतो. समजा, तुमच्या चारपैकी एक तसं मान्य झालं आणि सहाऐवजी पाचच वर्षं कापली गेली. उरली चार. चार वर्षांनाही पॉइंट्स पाचच! पाच महिन्यांचा पगार घालून आज एकही पॉइंट हलत नाही. पुढच्या वर्षी कदाचित पाच वाढतील, तेही सगळं मनासारखं झालं तर.

शिवाय ही सर्टिफिकेशन्स नाशवंत असतात. सिस्कोची तीन वर्षांत संपतात, हे तुम्ही सीसीएनएच्या बाबतीत अनुभवलं आहे. मायक्रोसॉफ्टने तर एमसीएसई या आपल्या सर्टिफिकेशनच्या परीक्षा २०२१ च्या जानेवारीअखेर बंदच केल्या. तीन वर्षांत संपणाऱ्या कागदासाठी त्याहून लांबणारं कर्ज काढू नये.

आज तुमची बेरीज अशी होते: वयाचे २५, पदवीचे १५ धरू, इंग्रजीचे १०, अनुभवाचे ५. एकूण ५५. किमान ६५ लागतात आणि आयटीत सरकारकडून व्हिसा अर्जाचं आमंत्रण यायला सहसा त्याहून बरेच जास्त. दहा-वीस पॉइंट्स कमी आहेत हे खरंच. पण ते क्लासच्या पॅकेजमध्ये नाहीत.

ते तुमच्या इंग्रजीत आहेत. चारही भागांत ७ ला १० पॉइंट्स मिळतात आणि चारही भागांत ८ ला २०. तुम्ही एका पायरीवर उभे आहात. तीन महिने रोज पहाटे तासभर लेखनावर बसा, बहुतेकांचं तिथेच अडतं. दोनदा परीक्षा द्यावी लागली तरी खर्च त्या पॅकेजच्या आसपासही फिरकत नाही. दुसरे पाच तुमच्या पत्नीकडे आहेत. त्यांनी चारही भागांत ६ आणले की तुम्हाला ५ पॉइंट्स. आणि मोठा पैशाचा मुद्दा म्हणजे, जोडीदाराच्या कामचलाऊ इंग्रजीचा पुरावाच नसेल तर व्हिसाच्या वेळी ४,८९० ऑस्ट्रेलियन डॉलर जादा भरावे लागतात. एका परीक्षेने पाच पॉइंट्स येतात आणि हा भुर्दंडही वाचतो. मी तुमच्या जागी असतो तर आज रात्रीच घरी हा विषय काढला असता.

तिसरे पाच तर आपल्या भाषेचे! नाटी या भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेची सीसीएल नावाची परीक्षा मराठीतही देता येते. इंग्रजी आणि मराठी बोलणाऱ्या दोघांमधले दोन संवाद ऐकायचे आणि तोंडी भाषांतर करायचं. ९० पैकी ६३ गुणांना उत्तीर्ण. सोपी समजू नका. दवाखाना, विमा, घरभाडं असे विषय येतात आणि ‘डिस्चार्ज समरी’ला पटकन मराठी शब्द सुचत नाही. पण सरावाने जमते.

हे सगळं जमलं तर ५५ चे ७५ होतात. तिथल्या एखाद्या राज्याने नामांकन दिलं तर १९० क्रमांकाच्या कायमच्या व्हिसाचे ५ किंवा ४९१ क्रमांकाच्या तात्पुरत्या प्रादेशिक व्हिसाचे १५ त्यावर.

आता जे काम फुकटात होतं आणि ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात, ते म्हणजे अनुभवाची पत्रं. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची फाइल आठवते. नवऱ्याच्या जुन्या कंपनीच्या पत्रात तीन ओळी होत्या: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होते, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यात काम काय करत होते याचा एक शब्द नव्हता. एसीएसला लेटरहेडवर तारखा, पूर्णवेळ की अर्धवेळ, हुद्दा आणि प्रत्यक्ष जबाबदाऱ्या लागतात. तुमच्या पत्रात ‘आयटी सपोर्ट’ एवढंच आलं तर ते संपलं. राउटिंग, फायरवॉल, नेटवर्कची आखणी, जे खरोखर केलं ते लिहून हवं. नऊ वर्षांपूर्वीचे साहेब निवृत्त व्हायच्या आत त्यांना गाठा. कंपनी पत्र देत नसेल तर वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, सोबत पगाराचा पुरावा हवा.

पॅकेजमधल्या ‘फाइल’ या शब्दाबद्दल मला काळजी वाटते. त्यात दुसऱ्याने लिहून तयार ठेवलेला आरपीएलचा मजकूर असेल तर हात लावू नका. आरपीएलमध्ये दोन प्रकल्प अहवाल असतात, एक गेल्या तीन वर्षांतल्या कामाचा आणि दुसरा पाच वर्षांतल्या. ते तुमचेच, तुमच्याच शब्दांत हवेत. एसीएस उचललेला मजकूर तपासते. आणि व्हिसा अर्जात खोटी माहिती सापडली तर तीन वर्षं दार बंद होऊ शकतं. ते नुकसान कुठल्याच ठेवीतून भरून निघणार नाही.

ठेव कशासाठी जपायची ते सांगतो. २०२५ च्या जुलैपासून १८९ व्हिसाची, म्हणजे नामांकनाशिवायच्या स्किल्ड व्हिसाची, मुख्य अर्जदाराची फी ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, पत्नीची त्याच्या निम्मी आणि मुलीची पाव. तिघांचे मिळून सुमारे साडेआठ हजार होतात, आणि दर जुलैला ही फी वाढते. आमंत्रण आलं की ६० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि अर्ज नाकारला गेला म्हणून ही फी परत मिळत नाही. नाव नोंदवायला, म्हणजे ईओआय भरायला, काही लागत नाही. त्यामुळे आधी परीक्षा आणि पत्रं, मग एसीएस, मग ईओआय. मोठा खर्च आमंत्रणानंतरच. तोवर ठेव राहू द्या आणि कर्जाचा जो हप्ता गेला असता तो दरमहा वेगळ्या खात्यात टाका. शेअर बाजारात नको, हे पैसे कधी लागतील ते तुमच्या हातात नाही. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र यात धरू नका. तिथे उतरल्यावर नोकरी लागेपर्यंत त्यावरच राहायचं आहे.

सर्टिफिकेशन करूच नका असं मी म्हणत नाही. सीसीएनएच्या वरची पायरी असलेलं सीसीएनपी करा, नोकरीच्या मुलाखतीत त्याला वजन आहे. पण एकच करा, स्वतः अभ्यास करून, आणि परीक्षेची फी आत्ताची कंपनी देते का ते विचारून. जर्मनीचा विचार मनात आला तर तिथेही हेच लागू पडतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवाय, गेल्या सात वर्षांतल्या तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून काम करण्याचा परवाना, मिळू शकतं. मात्र ठरावीक पगाराची नोकरी हातात हवी, आणि ती मिळवायला सीसीएनपी कामी येईल. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेत ‘सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन’ला पॉइंट्स आहेत हे वाचून फसू नका. ते वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कारागिरांच्या प्रांतिक परवान्याचं नाव आहे.

घाई आहे का? चाळिशीला वयाचे २५ वरून १५ होतात. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत. पंधरा दिवसांची मुदत कन्सल्टंटची आहे, ऑस्ट्रेलियाची नाही.

उद्या त्याला एक ईमेल लिहा: माझा व्यवसाय कोड २६३१११ (कॉम्प्युटर नेटवर्क अँड सिस्टिम्स इंजिनियर) धरला, तर या चार सर्टिफिकेशन्सचे पॉइंट्स तक्त्यातल्या कोणत्या ओळीत आणि किती मिळतील ते लेखी कळवा, आणि ओएमएआरए या इमिग्रेशन एजंटांची नोंदणी करणाऱ्या ऑस्ट्रेलियन सरकारी कार्यालयाकडचा तुमचा नोंदणी क्रमांकही द्या. जे उत्तर येईल ते मला पाठवा, त्यावर पुन्हा बसू.