बांधावरचे झाड कोणाचे?

प्रश्न : वाटणीनंतर माझ्या वाट्याला दोन एकर कोरडवाहू जमीन आली. आणखी तीन एकर मी गावातल्याच एका मालकाची निम्म्या वाट्याने करतो. वडिलांच्या काळी आमच्या बांधावर बाभळी आणि कडुनिंब होते. वाटणीच्या वर्षी ते तोडून विकले गेले. आता कृषी सहायक आंबा लावा म्हणतात, जमीनमालक झाडाचे नावही काढू देत नाहीत आणि पत्नीला शेळ्यांसाठी पाला हवा आहे. अनुदान असूनही आमच्याकडे पिकांबरोबर झाडे लावायला शेतकरी का धजत नाहीत?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या पत्रातच आहे. बाजरी तीन-चार महिन्यांत घरात येते. आंब्याला चार-पाच वर्षे लागतात, सागाला त्याहून कितीतरी अधिक. तेव्हाही ही जमीन आपल्याच हाती असेल, अशी खात्री ज्याला असते तोच झाड लावतो. वाट्याच्या शेतीची बोली मात्र बहुधा तोंडी आणि वर्षापुरती असते. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषकदिनी, कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्याची आठवण गावोगाव अजून ताजी आहे आणि दुसऱ्याने लावलेले झाड म्हणजे त्याच्या दीर्घ वहिवाटीचा पुरावा, असे मालकांना वाटते. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यापेक्षा ती समजून घेऊनच त्यांच्याशी बोलावे लागेल.

दुसरे कारण वाटणीचे. राज्यातील सरासरी शेतजमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. पट्टे जसे अरुंद झाले, तशी बांधावरच्या झाडाची सावली दोन्ही बाजूंच्या पिकांवर पडू लागली आणि झाडाचा प्रश्न भाऊबंदकीचा झाला. बैल गेले, औतासाठी बाभळीचे लाकूड लागेनासे झाले आणि ट्रॅक्टर वळवताना तीच बाभूळ आड येऊ लागली. त्यामुळे आपल्याकडे जे घडले त्यासाठी स्वतःला दोषी मानू नये.

अनुदानाचे गणितही पाहायला हवे. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत ते तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असतात. म्हणजे आधी खर्च, मग अनुदान. आणि उताऱ्यावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याला तेही नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे आणि मोकाट जनावरांपासून रोपे राखणे हे खरे काम आहे. घरचे पुरुष मजुरीला बाहेर गेले की ते बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यावर येते, तरीही कोणते झाड लावायचे हे त्यांना क्वचितच विचारले जाते. माझ्या मते लागवडी फसण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

विक्रीचा अडथळाही आहेच. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांबूचे तसे राहिले नाही. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला.

मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ संस्थेचे वाडीचे काम आपल्याला उपयोगी पडेल. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसोबत ते सुरू झाले. एकरभर जमिनीत आंबा-काजूसारखी फळझाडे, कडेला जळण, चारा व लाकूड देणाऱ्या झाडांचे कुंपण आणि फळे येईपर्यंत मधल्या जागेत नेहमीचे पीक अशी ती रचना आहे. फळाची वाट पाहण्याच्या काळात घर कसे चालेल, याचा विचार तिच्यात आधी केलेला आहे.

म्हणून आपल्या दोन एकरांतही बांधालगत शेवरी आणि हादगा आधी लावावेत. त्यांचा पाला लवकर हाती येतो, म्हणजे पत्नीची मागणीच येथे सर्वांत व्यवहार्य आहे. आंब्याची पंधरा-वीस रोपे पुरेत. जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी घालता येईल तेवढीच. शेजारच्या बांधकऱ्याला रोप लावण्यापूर्वीच विचारावे आणि सावलीची बाजू पाहून जागा ठरवावी. मालकाच्या तीन एकरांत मात्र झाडाची मालकी, फळाचा वाटा आणि कराराची वर्षे लेखी ठरल्याशिवाय एकही खड्डा खणू नये.