एलसी, बँक गॅरंटी आणि कागदांचा आग्रह

प्रश्न : आमचा माल न्हावा शेवा बंदरातून परदेशी पोहोचला, आयातदाराला पसंतही पडला, तरी इन्व्हॉइसमधील वर्णन एलसीशी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद सादर केल्यास पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) जुळत नाही म्हणून बँकेने पैसे अडवले. मालापेक्षा कागद मोठा, ही रीत आली कुठून? बँक गॅरंटीचेही असेच असते का?
– एक लघुउद्योजक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : आपला संताप रास्त असला, तरी नियमाने पाहता बँकेचे चुकलेले नाही. एलसी हा विक्रीच्या करारापासून स्वतंत्र व्यवहार मानला जातो आणि त्यात बँकेने फक्त कागद तपासायचे असतात. हा काटेकोरपणा १९२० च्या दशकातील लंडनच्या एका खटल्यात ठळकपणे दिसतो. आजच्या जाकार्ताहून व्हॅनिला मागवणाऱ्या खरेदीदाराने एकाहून अधिक तज्ज्ञांचे प्रमाणपत्र मागितले होते. तारेच्या सांकेतिक भाषेत ते अनेकवचन हरवले, बँकेने एकाच तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर पैसे दिले आणि माल म्हणून बहुतांशी कचरा निघाला. भुर्दंड बँकेवर पडला. मग बँका शब्दाशब्दावर बोट ठेवतात, यात नवल ते काय! पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३ मध्ये एलसीचे समान नियम प्रसिद्ध केले. त्यांची ‘यूसीपी ६००’ ही आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे.

अपवाद फसवणुकीचा, आणि त्याचे धागे थेट लखनौपर्यंत जातात. तेथील विक्रेत्याने ब्रशसाठीच्या राठ केसांऐवजी पेट्यांत गाईचे केस व कचरा भरला, असा आरोप होता. तो खरा असल्यास बँकेला पैसे देण्यापासून रोखता येईल, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९४१ मध्ये ठरवले.

बँक गॅरंटी, म्हणजे काम घेणाऱ्याने शब्द न पाळल्यास ठरलेली रक्कम देण्याची त्याच्या बँकेची हमी, बहुधा काम देणाऱ्याच्या संरक्षणासाठी असते, पण तत्त्व तेच. लिबियातील हरितगृहांच्या व्यवहारात खरेदीदाराने ठरल्याप्रमाणे एलसी उघडलीच नव्हती; तरीही त्याने मागितलेली गॅरंटीची रक्कम रोखण्यास इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७८ च्या सुमारास नकार दिला. पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली.

आपल्यापुरते सांगायचे, तर वर्णनाची तंतोतंत जुळणी इन्व्हॉइसलाच लागते; इतर कागदांत विसंगत नसलेले ढोबळ वर्णन चालते. बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त ५ कामकाजाचे दिवस मिळतात आणि नकार देताना सर्व त्रुटी एकाच सूचनेत कळवाव्या लागतात. मुदत शिल्लक असेल तर इन्व्हॉइस दुरुस्त करून पुन्हा सादर करावे. नसेल तर आयातदाराला त्रुटी मान्य असल्याचे त्याच्या बँकेमार्फत कळवून घ्यावे.