वाचकांचे प्रश्न : ऑटोकॅडच्या टूलबारवर स्वतःची बटणं

(ऑटोकॅड या संगणकावरच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचे मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की चालणाऱ्या कमांडच्या ओळी, इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमनच घ्या.)

प्रश्न : दरवाज्याचा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं तयार चित्र) टाकायला टूलबारवर बटण केलं आहे. मॅक्रो असा : ^सी^सी_.-इन्सर्ट;डोअर;\;१;१;० ब्लॉक बसतो, पण अगदी किंचित तिरका; आणि शेवटी कमांड लाइनवर 'अननोन कमांड' असा संदेश येतो. ब्लॉक तर सरळच काढलेला आहे. असं का होतं?
– ड्राफ्ट्समन, नाशिक

उत्तर : ब्लॉक निर्दोष आहे. चूक बॅकस्लॅशनंतरच्या सेमीकोलनची आहे.

मॅक्रोत बॅकस्लॅश आला की ऑटोकॅड थांबतं आणि तुमच्या क्लिकची वाट बघतं. क्लिक झाला की मॅक्रो आपोआप पुढे सरकतो, त्यासाठी वेगळा एंटर लागत नाही. सेमीकोलन म्हणजे एंटर. तुमच्या मॅक्रोत क्लिकनंतर एक एंटर जास्तीचा गेला. तो एक्स स्केलच्या (आडव्या दिशेच्या पटीच्या) प्रश्नाला लागला आणि तिथली आयती किंमत १ मान्य झाली. मग तुमचा पहिला १ गेला वाय स्केलला (उभ्या दिशेच्या पटीला) आणि दुसरा १ गेला फिरवण्याच्या कोनाला. म्हणून दरवाजा १ अंशाने फिरतो. उरलेल्या ० ला कुणी विचारलंच नव्हतं, ते कमांड म्हणून वाचलं जातं आणि संदेश येतो.

बरोबर मॅक्रो : ^सी^सी_.-इन्सर्ट;डोअर;\१;१;०

जुनी ड्रॉइंग्ज जरूर तपासा. ९०० मिमीच्या दरवाज्याचं मोकळं टोक १ अंशात सुमारे १६ मिमी सरकतं. छोट्या स्केलच्या प्रिंटवर ते नजरेतून सुटतं, पण मापं टाकताना त्रास देतं.

शेवटच्या ० नंतर सेमीकोलन नाही, कारण मॅक्रो अक्षरावर किंवा आकड्यावर संपला तर एंटर ऑटोकॅड स्वतः देतं. तुम्ही एक सेमीकोलन दिलात तरी चालतं. दोन दिलेत तर दुसरा रिकाम्या कमांड लाइनवर पडतो आणि इन्सर्ट पुन्हा सुरू होतं. ब्लॉक करताना 'स्केल युनिफॉर्मली' वर टिक केली असेल, तर स्केल एकदाच विचारलं जातं. तेव्हा एक १ कमी करा.

आधीच्या चिन्हांपैकी एकही काढू नका. ^सी^सी चालू कमांड रद्द करतं. डॅश नसेल तर नव्या आवृत्त्यांत ब्लॉक्सचा पॅलेट उघडतो आणि मॅक्रोतली पुढची उत्तरं भलतीकडे जातात. अंडरस्कोअरमुळे इतर भाषांतल्या ऑटोकॅडमध्येही कमांड चालते. ब्लॉकचा पूर्ण पाथ द्यायचा असेल तर डी:/ब्लॉक्स/डोअर असा फॉरवर्ड स्लॅशच वापरा, नाहीतर प्रत्येक बॅकस्लॅशवर मॅक्रो थांबून राहील.

नवा मॅक्रो लिहिण्याआधी ती कमांड एकदा हाताने चालवा, एफ२ दाबून ऑटोकॅडने विचारलेले प्रश्न क्रमाने बघा आणि तेवढीच उत्तरं त्याच क्रमाने लिहा. अंदाजाने सेमीकोलन वाढवत बसण्यात दुपार जाते.

प्रश्न : नवी आवृत्ती टाकली की आमचे टूलबार जातात. जुनी अकॅड.सीयूआयएक्स फाइल (बटणं आणि मेनू जिच्यात साठवलेले असतात ती) नव्या जागी कॉपी करावी का? ऑफिसात सहा संगणक आहेत.
– स्ट्रक्चरल कन्सल्टंट, कोल्हापूर

उत्तर : कॉपी करू नका. त्या फाइलमध्ये तुमच्या बटणांबरोबर ऑटोकॅडचा स्वतःचा अख्खा रिबन (वरची बटणांची पट्टी) आणि मेनू असतो. जुनी फाइल वर टाकलीत तर नव्या आवृत्तीत आलेली बटणं दिसेनाशी होतात. आपली बटणं पहिल्यापासून वेगळ्या फाइलमध्येच ठेवावीत, असं आमचं ठाम मत आहे.

सीयूआय कमांड द्या. ट्रान्सफर टॅबवर उजव्या बाजूला नवी फाइल तयार करून सर्व्हरवर सेव्ह करा. तिच्या कस्टमायझेशन ग्रुपला वेगळं नाव द्या. त्याच नावाचा ग्रुप आधी लोड असेल तर फाइल लोड होत नाही. मग सीयूआयलोड कमांडने ती लोड करा. आता कस्टमाइझ टॅबवर वरच्या यादीत हीच फाइल निवडा आणि मगच नवी कमांड करा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो : यादीत 'ऑल कस्टमायझेशन फाइल्स' तसंच राहिलं तर नवी कमांड मुख्य फाइलमध्ये जाऊन बसते. टूलबारही याच फाइलच्या टूलबार्सवर राइट क्लिक करून बनवा, कमांड ओढून त्यात टाका, अप्लाय करा. चित्रं १६ आणि ३२ पिक्सेलची, दोन्ही मापांत द्या.

इतर पाच संगणकांवर सीयूआयलोड एकेकदा करा. कुणी चुकून बटणं हलवू नयेत असं वाटत असेल, तर ऑप्शन्समधल्या फाइल्स टॅबवर तीच फाइल एंटरप्राइझ कस्टमायझेशन फाइल म्हणून द्या. मग ती सगळ्यांना फक्त वाचता येते. बदल करणाऱ्याने वेगळ्या प्रोफाइलमध्ये (ऑप्शन्समध्ये साठवलेल्या सेटिंग्जच्या संचात) ती मुख्य फाइल म्हणून उघडावी.

प्रश्न : टूलबार नीट लावून ठेवले, तरी वर्कस्पेस (टूलबार-मेनूंची साठवलेली मांडणी) बदलून परत आलं की पहिल्या जागी जातात.
– वाचक, पुणे

उत्तर : जागा वर्कस्पेसमध्ये साठवलेली असते. मांडणी झाली की डब्ल्यूएससेव्ह कमांड देऊन त्याच वर्कस्पेसच्या नावाने सेव्ह करा. हात लागून टूलबार सुटत असतील तर लॉकयूआय या सेटिंगची किंमत १ ठेवा. कडेला लावलेले टूलबार जागेवर राहतात, आणि हलवायचेच झाले तर कंट्रोल दाबून ओढता येतात.