देव मानत नाही, पारायणाला बसू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी रिटायर्ड शिक्षिका, वाचनाचं वेड लहानपणापासून, पण देवाधर्माचं काही जमलं नाही, घरात देव्हारासुद्धा नाही. शेजारच्या मैत्रिणीची आणि माझी तीस वर्षांची सोबत. ती दरवर्षी गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसते. यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन दिवाळीनंतर, म्हणून म्हणते तू शेजारी बस, तुझ्या आवाजावर मी म्हणेन. मन तर होतंय पण हे ढोंग होईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: बसा हो. तुम्ही काय मानता हे तिच्यापासून लपवलं असतं तर ढोंग. तीस वर्षं शेजारी राहून तुमच्याकडे देव्हारा नाही हे तिला माहीत नाही होय? तिनं आवाज मागितलाय, श्रद्धा नाही मागितली.

मी पण तुमच्यातलीच. होस्टेलवर माझी रूममेट रोज पहाटे पोथी काढायची, लाल फडक्यात बांधलेली, खुणेला मोरपीस, आणि मी एकदा मोठ्या हुशारीनं म्हटलं, पास व्हायला देवाला लाच का गं? ती काही बोलली नाही, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर जाऊन वाचायला लागली, डिसेंबरच्या थंडीतसुद्धा. पुढे वीसेक वर्षांनी मी ज्ञानेश्वरी हातात घेतली, ती निव्वळ भाषेसाठी, तर पहिल्याच अध्यायात तो भुंगा. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कळीत अडकतो, जीव जाईल पण पाकळी चिरणार नाही, स्नेह असा कोवळा असूनच कठीण. आहे ते अर्जुनाबद्दल, समोर आपली माणसं बघून त्याचे हातपाय गळालेत, पण मला ती गच्चीवरची दिसली. फोन केला. म्हणाली, लाच पोचली बरं का, पास झाले होते मी.

आता पारायणाचं. ओव्या नऊ हजारांच्या आसपास, दिवस सात, म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. स्पीड असा की तुमच्यातल्या बाईंना चिडचिड होणार, अर्थ कुणी सांगतच नाही! तो संध्याकाळी घरी सार्थ प्रत घेऊन बघा, शके 1212 ची म्हणजे 1290 सालची मराठी आहे, दोनचार शब्दांना अडखळाल, मग कान बसतो. सकाळी फक्त तिच्या वेगानं म्हणा, तिची ओळ सुटली तर पानावर बोट ठेवून थांबा.

शेवटच्या दिवशी पसायदान येईल. त्यात अमुक देव असं नावच नाही, विश्वात्मक देव एवढंच, आणि मागणं काय तर दुष्टांचा वाकडेपणा जावो, जीवाजीवांत मैत्री पडो. तिथं पुटपुटू नका, मोठ्यानं म्हणा, तुम्हाला अडचण यावी असं त्यात मला तरी काही सापडलं नाही.

आणि हो, रोज तासन्‌तास मांडी घालून बसायचंय, गुडघ्यांचं आधी बघा. खुर्ची मागायला लाजू नका, मागच्या रांगेत निम्मा गाव खुर्चीवरच असतो.