गुप्तवार्ता विश्लेषणात भौगोलिक माहिती एक्सएमएल, जिओजेसन अशा संगणकाला वाचता येणाऱ्या ठरावीक साच्यात का ठेवतात? नकाशावर खुणा करून भागत नाही का?

खुणा दहा-वीस असतील आणि बघणारा एकच असेल तोवर भागतं. उपग्रह, ड्रोन, जमिनीवरची माणसं अशा सगळीकडून हजारो खुणा यायला लागल्या की चित्राला प्रश्न विचारता येत नाहीत. 'काल संध्याकाळनंतर या पुलाच्या दोन किलोमीटरच्या आत काय काय दिसलं?' हे नोंदींना विचारता येतं, तेही प्रत्येक नोंदीत जागा आणि वेळ ठरलेल्या रकान्यात असेल तरच.

मी लष्करात नाही, जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं काम करतो. पण मला सगळ्यात आवडलेला साचा लष्करीच आहे. कर्सर ऑन टार्गेट. अमेरिकेच्या हवाई दलासाठी मायटर या संस्थेने २००२ च्या सुमारास तो सुरू केला. साधंसं एक्सएमएल. काय, कुठे, कधी, एवढं सगळ्या यंत्रणांना एकसारखं कळलं तरी बरंच काम होतं, हा त्यामागचा विचार. त्यात 'स्टेल' नावाचा रकाना आहे: ही नोंद कोणत्या क्षणानंतर शिळी समजायची. आणि 'सीई': दिलेल्या बिंदूभोवती किती मीटरच्या वर्तुळात चूक असू शकते. माझ्या मते खरी करामत या दोन रकान्यांत आहे. नकाशावरची टाचणी पाच मिनिटांपूर्वीची असो की पाच महिन्यांपूर्वीची, सारखीच ठाम दिसते.

असे रकाने का हवेत ते तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडमध्ये जे झालं त्यावरून कळतं. ७ मे १९९९ ला नाटोच्या मोहिमेत अमेरिकी विमानाने तिथल्या चिनी दूतावासावर बाँब टाकले. तीन चिनी पत्रकार गेले. लक्ष्य होतं जवळच असलेलं युगोस्लाव्ह लष्करी खरेदी कार्यालय. त्याचा पत्ता बरोबर होता, पण शेजारच्या रस्त्यांवरच्या घरक्रमांकांवरून अंदाज बांधून जागा ठरवली गेली. पुढच्या तपासण्यांतही चूक सापडली नाही, कारण दूतावास १९९६ मध्ये हलला तरी अनेक डेटाबेसांत तो जुन्याच जागी होता. हे सीआयएचे तेव्हाचे संचालक जॉर्ज टेनेट यांनीच अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं. नुसत्या साच्याने हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. शिळा डेटा नीटनेटक्या साच्यातही शिळाच राहतो. पण 'ही जागा कशावरून ठरवली' आणि 'शेवटची पडताळणी कधी' हे रकाने रिकामे दिसले असते, तर कुणीतरी विचारलं तरी असतं.

स्वतः करून बघायचं असेल तर नासाच्या फर्म्स संकेतस्थळावरून उपग्रहांना दिसलेल्या आगींच्या नोंदींची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. युक्रेन युद्धात खुल्या स्रोतांवर काम करणारे विश्लेषक हाच डेटा वापरतात. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या नोंदीतला बिंदू म्हणजे सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य. आग त्यात कुठेही असू शकते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतासाठी साडेपाच तास मिळवा. हे पुढे जिओजेसनमध्ये न्याल तेव्हा रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहा. उलट लिहिलंत तर पुण्यातली आग नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात लागलेली दिसेल.