पंधरवड्याची मुदत आणि व्याजाची चूक

प्रश्न : गोरेगावच्या एका लहान कंपनीत मी सहा जणांच्या चमूचे काम पाहतो. गृहनिर्माण सोसायट्यांची देखभाल-बिले तयार करणारे सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दर पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती द्यायचीच, असा वरिष्ठांचा आग्रह असल्यामुळे कात्री चाचणीच्या दिवसांना लागते. गेल्या महिन्यात काही सभासदांच्या थकबाकीवर दोनदा व्याज लागले. वेग कमी करावा की माणसे वाढवावीत?

उत्तर : माणसे तूर्त वाढवू नयेत, नवी माणसे काम शिकेपर्यंत जुन्यांचाच वेळ खातात. खरी अडचण अशी, की एकच मुदत आपण सगळ्या कामांना लावली आहे. सूचनाफलकाच्या पानावर अक्षरे वेडीवाकडी दिसली, तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतात. चुकीचे बिल मात्र सभासदाच्या हाती पडते, त्याची पावती फाटते, हिशेब लेखापरीक्षकापर्यंत पोहोचतो आणि खुलासा करायला बिचाऱ्या खजिनदाराला सर्वसाधारण सभेत उभे राहावे लागते. म्हणून व्याज, दंड आणि पावत्या यांना हात लावणारा कोणताही बदल मागच्या काही महिन्यांच्या बिलांवर आपोआप पडताळून पाहिल्याखेरीज बाहेर सोडू नये, मग एखादा पंधरवडा हुकला तरी चालेल. पानांच्या मांडणीतले बदल रोज दिलेत तरी हरकत नाही.

घाई नेमकी कुठे नडते, हेही पाहावे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. नवा कोड हाताने आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवरच चढला, दुसऱ्या कोणी तपासले नाही, आणि आठव्यावर वर्षानुवर्षे निकामी पडलेला जुना कोड जागा झाला. म्हणजे कोड किती वेगाने लिहिला, यापेक्षा तो चढवताना कोणी पाहिला का, हा प्रश्न मोठा होता. शिवाय तो जुना कोड वेळीच काढून टाकला असता, तर जागे व्हायला काही उरलेच नसते.

वेळीच न उरकल्याने साठलेल्या अशा कामाला अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली. थोडे कर्ज काढून पुढे जाण्याला त्यांची ना नव्हती. ते लवकर फेडले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकलच्या रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या रविवारच्या मेगाब्लॉकवर चरफडणाऱ्या मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक पंधरवड्यातले दोन दिवस या फेडीसाठी राखून ठेवावेत.

वरिष्ठांशी बोलताना ‘गुणवत्ता’ हा शब्द शक्यतो टाळावा. व्याजाची ती चूक निस्तरण्यात चमूचे किती दिवस गेले आणि किती सोसायट्यांना नवी बिले पाठवावी लागली, एवढा हिशेब कागदावर मांडून पुढच्या बैठकीत त्यांच्यापुढे ठेवावा.